मकतबातले व्हिडिओ गेम: यंत्र कृती मोजते, नियत विचारावी लागते

(प्रश्न थोडक्यात असा: संकेश्वर भागातील एका जमातीच्या मकतबाची (मुलांच्या धार्मिक शिक्षणवर्गाची) व्यवस्था पाहणाऱ्या गृहस्थांकडे दोन जुने संगणक देणगीदाखल आले आहेत. असर (दुपारनंतरची) ते मगरिब (सूर्यास्ताची) या नमाजांमधल्या वेळात सात ते तेरा वयोगटातील मुले-मुली तिथे येतात. व्हिडिओ गेममधून त्यांना अखलाक (सदाचार) आणि इस्लामी मूल्ये शिकवता येतील का, कोणते खेळ निवडावेत, आणि ‘हा सगळा लहव (निरर्थक करमणूक) आहे, वेळेची नासाडी आहे’ असे म्हणणाऱ्या बुजुर्गांना काय सांगावे, असे त्यांनी विचारले आहे.)

जनाब, अस्सलामु अलैकुम. आधी सरळ उत्तर देते आणि मग कारणे मांडते. व्हिडिओ गेमचा उपयोग करून मुलांना अखलाक शिकवता येतात. मात्र ज्या खेळाच्या पडद्यावर मशीद, चंद्रकोर आणि हिरवा रंग आहे तो प्रत्येक खेळ अखलाक शिकवतोच असे नाही, आणि ज्यावर यातले काहीच नाही असे काही खेळ ते काम फार चांगले करतात. खेळ मुलाला काय सांगतो, यापेक्षा तो मुलाकडून काय करवून घेतो आणि गुण कशाचे देतो, हे पाहिले पाहिजे. निपाणी-चिकोडी पट्ट्यातील प्राथमिक शाळांत आणि संध्याकाळच्या मकतबांत मी बरीच वर्षे शिकवत आले आहे. संगणकावरचे खेळ वर्गात आणल्यापासून माझे एक मत अधिकाधिक पक्के होत गेले आहे. यंत्राला मुलाची कृती मोजता येते, नियत, म्हणजे मनातला हेतू, मोजता येत नाही. आणि आपल्या दीनमध्ये (धर्मात) तर अमलाची (कृतीची) किंमत नियतीवरच ठरते. म्हणून खेळ कितीही चांगला असला तरी शेजारी बसून ‘हे का केलंस?’ असे विचारणारे माणूस हवेच. ते नसेल तर संगणक पेटीतून बाहेर काढू नयेत, असे मी स्पष्टपणे म्हणेन.

या मुद्द्याला मानसशास्त्राचाही आधार आहे. स्विस अभ्यासक जीन पियाजे यांनी 1932 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लहान मुलांना दोन गोष्टी सांगून त्यांचे मत विचारले होते. पहिल्या गोष्टीतल्या मुलाला जेवायला हाक मारतात, तो दार ढकलतो, आणि दारामागे खुर्चीवर तबक आहे हे ठाऊक नसल्यामुळे त्याच्या हातून 15 कप फुटतात. दुसरा मुलगा आई घरात नसताना कपाटातला मुरंबा गुपचूप काढायला जातो आणि त्याच्या धक्क्याने एक कप फुटतो. जास्त दोषी कोण, असे विचारल्यावर लहान मुले पंधरा कपवाल्याकडे बोट दाखवतात; मोठी होत जातात तशी ती हेतूकडे पाहू लागतात. आपल्या मकतबातले सात वर्षांचे मूल ‘इन्नमल आमालु बिन्नियात’ (कृत्यांची किंमत हेतूवरच ठरते) ही सहीह बुखारी या हदीससंग्रहातील पहिली हदीस (पैगंबरांचे वचन) घडाघडा म्हणून दाखवते, पण तिचा अर्थ त्याच्या मनात उतरतो तो पुढच्या दोन-तीन वर्षांत, आणि तोही कोणी बोलून उतरवला तर. संगणकावरचा खेळ मात्र कायम त्या लहान मुलाच्याच पायरीवर राहतो. त्याला फुटलेले कप मोजता येतात. दार कोणत्या मनाने उघडले होते, ते त्याला कधीच कळणार नाही.

आता बाजारात इस्लामी म्हणून जे खेळ मिळतात त्यांच्याविषयी. त्यातले बहुतेक प्रश्नमंजूषेच्या धाटणीचे असतात: अरबी हरफ (अक्षरे) ओळखणे, वजूचा (नमाजआधी हात-पाय-तोंड धुण्याचा) क्रम लावणे, नमाजच्या रकाती मोजणे, पैगंबरांची नावे जुळवणे. हे खेळ निरुपयोगी नाहीत. जिथे पुन्हा पुन्हा घोकूनच गोष्ट पक्की होते तिथे यंत्र कंटाळत नाही, आणि लाजाळू मुलाला दहादा चुकण्याची मोकळीक मिळते. लहान वर्गासाठी असा एखादा खेळ जरूर ठेवावा. फक्त त्याला माहितीचा खेळ म्हणावे, अखलाकचा म्हणू नये. वजूचा क्रम बिनचूक लावणारा मुलगा हौदावर लहान मुलाला ढकलून पुढे जातो, हे आपण सगळ्यांनी पाहिलेले आहे.

अडचण सुरू होते ती जेव्हा हेच खेळ नेकीचे गुण देऊ लागतात तेव्हा. भिकाऱ्याला सदका दिला की दहा गुण, सलाम केला की पाच, आईचे ऐकले की एक सोनेरी तारा. 1973 साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट या अमेरिकी संशोधकांनी बालवाडीतल्या, चित्रे काढायची आवड असलेल्या मुलांवर एक प्रयोग केला. ‘चित्र काढलेस तर प्रशस्तिपत्रक मिळेल’ असे ज्यांना आधीच सांगून ते दिले गेले, ती मुले पुढे मोकळ्या वेळात, काहीच न मिळालेल्या मुलांच्या मानाने जवळपास निम्माच वेळ चित्रांकडे वळली. बक्षिसाने मूळची आवडच झिजवली. अखलाकच्या बाबतीत हे नुकसान दुहेरी आहे, कारण चांगले काम गुणांसाठी, दाखवण्यासाठी करण्याची सवय लागणे म्हणजे रियाची सवय लागणे. यापुढे जाऊन काही खेळांत शेवटी ‘तुम्ही जन्नतमध्ये गेलात’ असा पडदा येतो. असा खेळ मी वर्गात घेत नाही, आणि आपणही घेऊ नये अशी माझी आग्रहाची विनंती आहे. कोणाच्या पदरात किती सवाब (पुण्य) पडला हे ठरवण्याचा अधिकार अल्लाहचा आहे. तो फैसला एखाद्या प्रोग्रामच्या तोंडून मुलांना ऐकवू नये.

मग वापरायचे काय? मी जो खेळ सर्वांत जास्त वापरते तो बाजारात मिळणारा नाही. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेने 2007 मध्ये स्क्रॅच नावाची फुकट प्रणाली आणली, जिच्यात रंगीत तुकडे एकमेकांना जोडून लहान मुलेसुद्धा खेळ बनवू शकतात आणि जी इंटरनेटशिवायही चालते. बेळगावात अभियांत्रिकी शिकणाऱ्या माझ्या एका माजी विद्यार्थिनीने तिच्यावर एक साधा खेळ बनवून दिला. स्थळ म्हणजे आपल्याच भागातला आठवड्याचा बाजार, आणि खेळणारे मूल मिरचीचा गाळा लावून बसलेले. संकेश्वरच्या मुलांना मिरची काही समजावून सांगावी लागणार नाही. पडद्यावर डावीकडे तराजू, मधे दोन पोती, उजवीकडे पैशांचा गल्ला. आदल्या रात्री पाऊस पडून एका पोत्याचा तळ ओला झाला आहे. ओली मिरची वजनाला जास्त भरते, हेही मुलांना ठाऊक असते. आता तीन गिऱ्हाइके येतात: मूठभर मिरची हातात घेऊन मोडून पाहणारा हॉटेलवाला, काही न पाहता पिशवी पुढे करणारी एक म्हातारी, आणि आईने पैसे मुठीत देऊन पाठवलेली एक लहान मुलगी. ओली मिरची कोरडीत मिसळून विकता येते, वेगळी काढून ‘ही भिजलेली आहे’ असे सांगून कमी भावात देता येते, किंवा ठेवून देता येते. संध्याकाळी गल्ल्यातून गाळ्याचे भाडे जाते आणि घरी आजारी अम्मीचे औषध न्यायचे असते. खरे बोलून विकले तर औषधाला पैसे कमी पडतात आणि दुकानदाराकडे उधारी मागावी लागते.

या खेळात गुण नाहीत आणि ‘शाब्बास’ नाही. तीन बाजार झाले की एकेका गिऱ्हाइकाचे घर दिसते, एवढेच. जिने ओली मिरची नेली त्या म्हातारीच्या डब्यात बुरशी आलेली दिसते. ज्याने फसवून विकले त्याचा गल्ला भरलेलाच राहतो. त्याला कोणी पकडत नाही, कोणी शिक्षा करत नाही. लुबाडलेल्या माणसाचे घर मात्र त्याला पाहावे लागते. हुकूक-उल-इबाद, म्हणजे माणसांचे माणसांवर असलेले हक्क, या विषयावर मी जितकी भाषणे देऊ शकले असते त्या सगळ्यांपेक्षा तो बुरशीचा डबा मुलांशी अधिक बोलतो.

खेळ पंधरा मिनिटांचा असतो आणि त्यानंतरचे बोलणे अर्ध्या तासाचे. त्या बोलण्यातला एक प्रसंग सविस्तर सांगते, म्हणजे माझा मुद्दा ध्यानात येईल. दहाएक वर्षांच्या एका मुलाने ओली मिरची फक्त हॉटेलवाल्याच्या मालात मिसळली आणि म्हातारीला निवडून कोरडी दिली. का, असे विचारल्यावर तो म्हणाला, ‘त्याच्याकडे पैसे आहेत, आजीकडे नाहीत.’ दुसऱ्या मुलाने सगळ्यांना खरे सांगून विकले होते. त्याला तोच प्रश्न विचारला तेव्हा तो प्रांजळपणे म्हणाला, ‘मला वाटलं, शेवटी जास्त गुण मिळतील.’ यंत्राच्या लेखी पहिला फसवा आणि दुसरा प्रामाणिक. वर्गातल्या मुलांना मात्र लगेच जाणवले की प्रकरण इतके सोपे नाही. पहिल्याच्या मनात दया होती, पण त्याने केलेली गोष्ट चूकच होती, कारण श्रीमंत माणसाचाही हक्क मारता येत नाही. दुसऱ्याने गोष्ट बरोबर केली, पण कोणासाठी केली? तेवढ्यात एक मुलगी, जिची आई घरी विड्या वळते, मधेच म्हणाली की ठेकेदारसुद्धा असेच करतो, चांगल्या विड्यांची छाट काढतो, मजुरी देत नाही आणि छाट काढलेल्या विड्याही ठेवून घेतो. निपाणीकडच्या मुलांना हा विषय पुस्तकातून शिकवावा लागत नाही; त्यांच्या घरात तो रोज हजाराच्या हिशेबाने मोजला जातो. उसाच्या वजनातली काटामारी हा शब्दही त्याच दिवशी वर्गात आला, तो एका शेतकऱ्याच्या मुलाकडून.

एवढे झाल्यावर मी हदीस सांगितली, आधी नाही. पैगंबर हजरत मुहम्मद (स.) बाजारातून जात असताना धान्याच्या एका ढिगात त्यांनी हात घातला, तो बोटांना ओल लागली. विक्रेत्याला विचारले, हे काय? तो म्हणाला, पावसाने भिजले. त्यावर त्यांनी विचारले की मग ते लोकांना दिसेल असे वर का नाही ठेवलेस, आणि पुढे म्हटले की जो फसवतो तो माझ्यातला नाही. ही हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. त्यानंतर मापात मारणाऱ्यांविषयीच्या, कुरआनातील सूरह मुतफ्फिफीनच्या सुरुवातीच्या आयती वाचल्या. वर्गातील बहुतेकांना त्या आयती पाठ होत्या. त्या दिवशी त्या मिरचीच्या पोत्याला आणि विड्यांच्या छाटीला जाऊन भिडल्या. हा क्रम मी जाणूनबुजून ठेवते. हदीस आधी सांगितली तर मुले उस्तादांना काय हवे आहे ते ओळखून तसे खेळतात, आणि मग आपल्या हाती त्यांचे मन लागत नाही, फक्त त्यांची हुशारी लागते.

पालकांपैकी काहींनी मला विचारले आहे की प्रामाणिक मुलाचा शेवटी फायदा झालेला का दाखवत नाही, त्याने मुलांना उत्तेजन मिळेल. मी याला ठाम नकार देते. प्रामाणिकपणाने धंदा वाढतो एवढेच मूल शिकले, तर ज्या दिवशी धंदा वाढणार नाही त्या दिवशी ते प्रामाणिकपणा सोडून देईल. हदीसे जिब्रीलमध्ये (देवदूत जिब्रील यांच्या प्रश्नांच्या हदीसमध्ये) एहसानची, म्हणजे उत्तम आचरणाची, व्याख्या आली आहे ती अशी की अल्लाहची इबादत अशी करावी जणू आपण त्याला पाहतो आहोत, आणि आपण पाहू शकत नसलो तरी तो आपल्याला पाहतो आहे. मुलाला या जाणिवेपर्यंत न्यायचे असेल तर ज्या ठिकाणी कोणी पाहत नाही, कोणी पकडत नाही आणि खरे बोलण्याने नुकसानच होते, अशा ठिकाणी त्याला उभे करावे लागते. प्रत्यक्षात आठ वर्षांच्या मुलाला तसे उभे करणे बरे नाही. खेळात करता येते, आणि व्हिडिओ गेमचा खरा उपयोग मला इथेच दिसतो.

खेळ बनवणाऱ्यांनाही ही गोष्ट फार पूर्वी उमगली होती. 1985 साली अमेरिकेतील रिचर्ड गॅरियट यांनी ‘अल्टिमा 4’ हा खेळ आणला. त्यात शेवटी मारायचा खलनायक नव्हता; सचोटी, करुणा, न्याय, त्याग, नम्रता अशा आठ सद्गुणांत खरे उतरणे हेच त्याचे ध्येय होते. त्यात जडीबुटी विकणाऱ्या आंधळ्या बाया आहेत. किती पैसे ठेवायचे ते खेळणाऱ्यानेच सांगायचे. कमी ठेवले तरी त्या क्षणी काहीच होत नाही. खेळ मात्र आतल्या आत हिशेब ठेवतो आणि पुढे केव्हातरी सद्गुणाची वाट अडते. तो खेळ मी मुलांना देत नाही, कारण त्यात जादूटोणा आणि देवस्थाने आहेत आणि इंग्रजीही जड आहे. परंतु त्याची बांधणी शिक्षकाने समजून घेण्यासारखी आहे. तशीच एक गोष्ट अलीकडची: युद्धात अडकलेल्या सामान्य नागरिकांवरचा ‘धिस वॉर ऑफ माइन’ हा खेळ पोलंडच्या सरकारने 2020 मध्ये माध्यमिक शाळांच्या पूरक वाचनाच्या यादीत घेतल्याचे जाहीर केले. तोही मोठ्यांचाच खेळ आहे. आपल्या वयोगटासाठी नाही.

आपल्याच मातीत याहून जुने उदाहरण आहे. संत ज्ञानेश्वरांच्या नावाने परंपरेत सांगितला जाणारा मोक्षपट, ज्यातून साप-शिडी आली, आणि सूफींचा ‘शतरंज-उल-आरिफीन’ हा तसाच पट, या दोन्हींत सद्गुणांच्या शिड्या आणि दुर्गुणांचे साप आहेत. खेळातून नीती शिकवणे ही काही परदेशातून आलेली कल्पना नाही, हे सांगायला हा दाखला उपयोगी पडतो. पण त्या पटांत एक उणीव मला नेहमी जाणवते: शिडी लागायची की साप, हे फासा ठरवतो, मूल ठरवत नाही. शिवाय फाशांच्या ‘नर्दशीर’ या खेळाला हदीसमध्ये कडक शब्दांत मनाई आली आहे, त्यामुळे मकतबात फासा नकोच. संगणकावरच्या खेळात मूल स्वतः निवड करू शकते, ही त्याची त्या पटांवरची सरशी आहे.

तयार खेळ घ्यायचेच असतील तर माझ्या काही अटी आहेत. अजान झाल्यावर खेळ त्याच क्षणी थांबवता आला पाहिजे. ज्यात सामना अर्ध्यावर सोडला तर साथीदार हरतात, किंवा रोज हजेरी लावली नाही तर कमावलेले जाते, असा खेळ मुलाला नमाज आणि साथीदार यांच्यात ओढत ठेवतो, तो वगळावा. पैसे भरून आत काय निघेल ते माहीत नसलेली पेटी उघडायची सोय ज्यात आहे तोही वगळावा. बेल्जियमने 2018 मध्येच अशा पेट्यांना जुगार ठरवले, आणि सूरह माइदाच्या 90व्या आयतीत ज्या मैसिरपासून (जुगारापासून) दूर राहायला सांगितले आहे त्याची चव मुलाला तिथेच पहिल्यांदा लागते. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर आपल्या संसदेने ऑगस्ट 2025 मध्ये बंदीचा कायदा केला आहे, पण तेवढ्याने या पेट्या गेल्या असे समजू नये. अनोळखी माणसांशी बोलण्याची सोय असलेला खेळ लहानांना अजिबात नको. आणि खेळ अधूनमधून बदलत असतो, हे विसरू नये. 2020 च्या जूनमध्ये पबजी या मोबाइल खेळाच्या एका नव्या भागात खेळणाऱ्याचे पात्र पुतळ्यांपुढे झुकून शक्ती मिळवते असे दाखवले होते. अरब देशांत गदारोळ झाल्यावर कंपनीने तो भाग काढून माफी मागितली. काल तपासलेला खेळ आज तोच असेल असे नाही, म्हणून मकतबाचे संगणक इंटरनेटला न जोडणेच बरे.

पैगंबर, सहाबा (त्यांचे साथीदार) किंवा अहले-बैत (त्यांचे कुटुंबीय) यांची भूमिका मुलाच्या हातात देणारा खेळ कधीही घेऊ नये, हे आपल्याला सांगायची गरज नसावी; तरीही बनवणारे उत्साहाच्या भरात तसे करू पाहतात म्हणून लिहिते. मुलाने नेहमी साध्या माणसाची भूमिका घ्यावी: दुकानदार, शेजारी, वाटसरू. ज्या घरांत सजीवांची चित्रे चालत नाहीत तिथल्या मुलांसाठी चेहऱ्यांऐवजी नुसत्या आकृत्या वापरता येतात, आणि संगीत नको असेल तर आवाज बंद करावा. खेळ त्याने काही अडत नाही.

एका बाबतीत मी अधिक काळजीने लिहिते. प्रागच्या चार्ल्स विद्यापीठातील वीट शिसलर या संशोधकांनी दाखवून दिले आहे की पाश्चात्त्य खेळांत अरब आणि मुसलमान बहुधा शत्रू म्हणूनच येतात. आपली मुले असे खेळ खेळतात तेव्हा आपल्यासारख्याच नावाच्या माणसांवर गोळ्या झाडतात, ही दुःखाची गोष्ट आहे. याला उत्तर म्हणून दमास्कसमध्ये 2001 साली ‘अंडर ॲश’ हा पॅलेस्टाइनवरचा खेळ बनला आणि तो गाजलाही. त्यामागची वेदना मला समजते. परंतु शत्रूचा चेहरा बदलून बंदूक तीच ठेवणारे खेळ मकतबात आणू नयेत. आपल्या भागात आपल्या भिंतीला भिंत लागून लिंगायत, जैन, मराठा, धनगर यांची घरे आहेत. शेजाऱ्याच्या हक्कांविषयी जिब्रील इतके सांगत राहिले की त्याला वारसाहक्कही मिळेल असे मला वाटू लागले, असे पैगंबरांनी म्हटले आहे, आणि त्या शेजाऱ्याला धर्माची अट नाही. पैगंबरांचे साथीदार हजरत अब्दुल्लाह बिन अम्र यांनी घरी बकरी कापल्यावर यहुदी शेजाऱ्याकडे वाटा पोहोचला का, अशी विचारणा केली होती ती याच हदीसच्या आधारे.

त्यासाठी दुसरा एक खेळ आम्ही वापरतो. 2019 च्या ऑगस्टमध्ये दूधगंगा, वेदगंगा आणि कृष्णा यांच्या पुराने चिकोडी-निपाणी भागातली गावे वेढली गेली, हे मोठ्या मुलांना आठवते आणि लहानांनी ऐकलेले आहे. खेळात एक होडी आहे, तीत चारच जण मावतात, आणि दोन मुलांनी एकाच कळफलकावर मिळून ती चालवायची. कोणाला आधी न्यायचे, गुरांचे काय, मशिदीतल्या जागेत कोणाला घ्यायचे, हे दोघांनी आपसांत ठरवायचे. इथे मूल्य पडद्यावर कमी आणि त्या दोघांच्या भांडणात जास्त असते: कोण कोणाचे ऐकतो, कोण कळ हिसकावून घेतो. मी पडद्याकडे पाहतच नाही, मुलांकडे पाहते.

बुजुर्गांविषयी. त्यांच्या आक्षेपात तथ्य आहे आणि तो अदबीने ऐकावा. जागतिक आरोग्य संघटनेने खेळाच्या व्यसनाला आपल्या आजारांच्या यादीत स्थान दिले आहे आणि ती यादी 2022 पासून लागू आहे. म्हणजे त्यांची चिंता जुनाट नाही. परंतु खेळालाच नकार देणे ही आपली परंपरा नाही. पैगंबरांच्या पत्नी हजरत आयेशा (रजि.) यांच्या बाहुल्या होत्या आणि मैत्रिणी त्यांच्याबरोबर खेळायला येत, हे हदीसमध्ये आहे. थोर धर्मविचारवंत इमाम गझाली यांनी लिहून ठेवले आहे की मकतबातून आलेल्या मुलाला चांगला खेळ खेळू द्यावा, कारण खेळापासून तोडून सतत शिकण्याचाच जाच केला तर त्याचे हृदय मरते आणि बुद्धी मंदावते. एखाद्या विशिष्ट खेळाच्या जायज-नाजायज असण्याचा प्रश्न आला तर तो आपल्या आलिम (धर्मपंडित) साहेबांपुढेच ठेवावा, आणि शक्यतो त्यांना खेळ प्रत्यक्ष दाखवून ठेवावा. शब्दांत सांगितलेला व्हिडिओ गेम आणि पडद्यावर पाहिलेला व्हिडिओ गेम यांवर मत वेगळे पडू शकते.

व्यवस्थेचे थोडे. दोन संगणक आणि वीस-पंचवीस मुले असतील तर एकावर खेळ चालू ठेवून बाकीच्यांनी भोवती बसावे आणि गिऱ्हाईक आले की सगळ्यांनी मिळून ठरवावे. दुसरा संगणक राखीव असू द्यावा. आठवड्यातून एकदाच, जुमेरातला (गुरुवारी), हे पुरेसे होते. मुलींची पाळी ठरवून लावावी, नाहीतर मुलगे खुर्ची सोडत नाहीत आणि मुली मागे उभ्या राहून पाहण्यात समाधान मानतात. घरातही फोनची पाळी बहुधा भावालाच मिळते. खेळातला मजकूर मराठीत ठेवावा. घरी दखनी, शाळेत कन्नड किंवा उर्दू, आणि बाजारात मराठी अशी आपल्या मुलांची भाषा असते. बाजाराचा खेळ बाजाराच्या भाषेत त्यांना खरा वाटतो, आणि चर्चेत ती आपोआप दखनीवर येतात, तेव्हा त्यांना अडवू नये.

बारा-तेरा वर्षांच्या मुलांना मात्र खेळायला न लावता खेळ बनवायला लावा. स्क्रॅचचे पाच-सहा वर्ग झाले की ती लहानांसाठी छोटा खेळ बनवू शकतात, आणि मग त्यांना स्वतःच ठरवावे लागते की कशाचे काय व्हायचे. आमच्या मोठ्या मुलांनी अमानतीवर एक खेळ बनवला: शेजारणीने ठेवायला दिलेले पैसे आहेत, घरात अडचण आहे, चार दिवसांसाठी वापरावेत का? वापरून वेळेवर परत ठेवले तर खेळात काय दाखवायचे, यावर त्यांचा इतका वाद झाला की शेवटी ती हाफिज (कुरआन पाठ असलेल्या) साहेबांकडे गेली. त्यांनी सांगितले की अमानत मालकाच्या परवानगीशिवाय वापरणे हीच खयानत (विश्वासघात), परत ठेवले तरीही. मग मुलांनी खेळात शेजारणीकडे जाऊन विचारण्याचा चौथा पर्याय घातला, जो आधी कोणालाच सुचला नव्हता. आपल्याला हवा असल्यास मिरचीचा आणि हा अमानतीचा, दोन्ही खेळ पेनड्राइव्हवर पाठवून देते. आपल्या मुलांना त्यांतले तुकडे उघडून हवे तसे बदलू द्यावे.